गळ्यातला हिरवा ठिपका

ती गाठ मी सूक्ष्मदर्शकाखाली पहिल्यांदा पाहिली तेव्हा खुर्ची मागे सारून चक्क उभी राहिले होते. एक मिलिमीटर लांबीचा, काचेसारखा आरपार दिसणारा किडा. ज्या जागी ओळीनं अंडी दिसायला हवीत तिथे नुसत्या पेशी, कोंबून कोंबून भरलेल्या. अंगाचा अर्धा भाग त्यांनीच व्यापलेला आणि तरीही तो किडा वळवळत खात होता. मिरजेच्या कॉलेजात मी चार वर्षं बेडूक आणि झुरळं कापली होती, पण शिसारी आणि कुतूहल एकदम वाटलं ते त्या दिवशीच. आमच्या सरांना मी म्हणाले, ‘याला कळत नाही का?’ सर हसले आणि त्यांनी मला तोच विषय दिला.

चेन्नईतली माझी पीएच.डी.ची वर्षं ही. दोन हजार सालानंतरची. विषय थोडक्यात सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. या किड्याच्या अंडाशयाच्या टोकाशी एक पेशी बसलेली असते. शेजारच्या मूलपेशींना ती सतत एकच निरोप देत राहते: वाढत राहा, इतक्यात काही होऊ नका. मूलपेशी टोकापासून लांब सरकल्या की निरोप त्यांच्यापर्यंत पोचत नाही आणि मग त्यांची अंडी होतात. आमच्या किड्यांत वाढ थांबवणारं जनुकच बिघडलेलं होतं. निरोप संपला तरी पेशी वाढतच राहायच्या आणि त्यांचीच गाठ व्हायची. मला पाहायचं होतं प्रथिनांचं. पेशीत प्रथिनं धाग्यासारखी तयार होतात आणि त्यांची घडी नीट पडली तरच ती कामाची. घड्या बिघडू लागल्या की सगळ्या पेशीवर ताण येतो. हा ताण मुद्दाम दिला तर गाठ थांबेल का, असा माझा प्रश्न होता. त्यासाठी घड्या बिघडवणारं एक औषध मी किड्यांच्या प्लेटमध्ये, म्हणजे त्यांच्या खाद्याच्या ताटलीत, मिसळत असे.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायची. गाठवाल्या किड्यांना पिल्लं होत नाहीत. म्हणून त्यांचा वंश चालवायला त्यांची निरोगी भावंडं लागतात, आणि ती एकाच प्लेटमध्ये एकत्र जन्मतात. ओळखायची खूण अशी की निळ्या दिव्याखाली निरोगी भावंडांच्या गळ्यात हिरवा ठिपका चमकतो. गाठ होणाऱ्यांचा गळा काळा राहतो. लहानपणी दोघं अगदी सारखे दिसतात, ठिपका सोडला तर.

आता काकांबद्दल. आमच्या प्रयोगशाळेत किड्यांच्या प्लेट ओतणं, काचसामान निर्जंतुक करणं, यंत्रांची निगा राखणं ही कामं एक गृहस्थ करत. निवृत्तीला चार-पाच वर्षं उरलेली. माझ्या पहिल्याच दिवशी मी फोनवर आईशी बोलत होते, तर हे हातातली बाटली खाली ठेवून ऐकत उभे. फोन ठेवल्यावर म्हणाले, ‘तूं मराठी? आमीसुद्धां मराठीच.’ त्यांचं घराणं तंजावरकडचं, कित्येक पिढ्या तिथलं. त्यांची मराठी ऐकून मला आधी हसू आलं आणि मग हसल्याची लाज वाटली. ‘मी काम केलों’, ‘मी प्लेट ओतलों’ असं ते बोलत, आणि वाक्याच्या शेवटाला तमिळ हेलकावा. पण चार महिन्यांनी मला जाणवलं की दिवसभरात मी मराठी बोलते ती फक्त या माणसाशी.

शहरातल्या वेस्ट मांबलम वस्तीत मी पेइंग गेस्ट राहायचे, तिथून त्यांचं घर दोन गल्ल्या पलीकडे. रविवारचं जेवण त्यांच्याकडे, हे कधी ठरलं ते आठवत नाही. काकू उंच, हाडापेरानं मजबूत, मोठ्यानं बोलणाऱ्या. मूलबाळ नव्हतं. आंबट वरण वाढता वाढता मला विचारायच्या, ‘तुझे किडे जेवले का?’ मी किड्यांच्या गोष्टी सांगायची आणि त्या तोंडावर पदर धरून ऐकायच्या. तिसऱ्या वर्षी एका रविवारी मी गाठवाल्या किड्याचं वर्णन केलं तेव्हा मात्र त्या उठून आत निघून गेल्या.

का, ते मला त्या वर्षीच्या पावसाळ्यात कळलं. त्यांच्या ओटीपोटात गाठ निघाली होती. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं होतं, उशीर करू नका म्हणून बजावलंही होतं. काकू कापून घ्यायला भयंकर घाबरत. ‘पोटाला सुरी लागली की माणूस पूर्वीसारखं राहत नाहीं,’ असं त्या म्हणायच्या. काकांनी महिनाभर विनवलं, मी विनवलं, शेवटी एकदाच्या तयार झाल्या. तारीख मिळाली दसऱ्यानंतरच्या सोमवारची. घरातली आयुधपूजा आपल्या हातानं करायची आणि मगच इस्पितळात जायचं, ही त्यांची अट.

आयुधपूजा म्हणजे आपली खंडेनवमी. मिरजेला आमच्याकडे दसऱ्याला बाबांच्या स्कूटरला झेंडूचा हार पडायचा, आईच्या कात्रीला हळदकुंकू लागायचं, आणि तासाभरात बाबा त्याच स्कूटरवरून सोनं वाटायला निघायचे. पूजा म्हणजे एवढंच, असं मला वाटत होतं. नवमीच्या आदल्या संध्याकाळी काका माझ्या टेबलापाशी आले. मी घाईत होते. सर आठवडाभर परगावी, निळ्या दिव्याचा बल्ब उडालेला, आणि सुट्टीच्या आत मला किडे निवडून काही औषधाच्या आणि काही बिनऔषधाच्या प्लेटवर टाकायचे होते. दिवा नसला म्हणून काय झालं, तीन वर्षं हेच करतेय, चालीवरून ओळखते मी गाठवाला कोण ते, असा माझा तोरा. प्लॅटिनमच्या बारीक तारेनं मी एकेक पिल्लू उचलत होते.

‘बाळ, उद्यां सगळ्या मशिनींची पूजा करतों,’ काका म्हणाले. ‘तुझी नवी पेटीपण?’

नवी पेटी म्हणजे इन्क्युबेटर. त्याच वर्षी खास माझ्या किड्यांसाठी आला होता. आत सतत वीस अंश. त्याच्या आधी किडे एका थंड खोलीत असत, तिची किल्ली सरांकडे, म्हणून तिची पूजा कधी होत नसे.

‘करा हो काका,’ मान वर न करता मी म्हणाले. ‘सगळं रीतीनं करा.’

शुक्रवारी परत आले तर सगळ्या प्रयोगशाळेला चंदनाचा वास. इन्क्युबेटरच्या दारावर चंदनाची तीन बोटं आणि मधे कुंकू. मी हसत हसत दार उघडलं, औषधाची पहिली प्लेट काढून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली.

गाठ नव्हती. दुसरा किडा पाहिला, त्यालाही नाही. तिसरा, चौथा, सातवा. सगळ्यांच्या अंगात ओळीनं अंडी, हारातल्या मण्यांसारखी. दुसरी प्लेट काढली, तिथेही तेच. किडे थोडे कमी दिसत होते, पण औषधानं काही मरतातच, असं मी मनाशी म्हटलं आणि पुढे गेले. घाईत प्लेटचं झाकण माझ्या हातून खाली पडलं. मला ओरडायचं होतं, आणि मराठीतच ओरडायचं होतं. काका दाराशी होते.

‘काका, गाठी विरघळल्या! सगळ्यांच्या!’

ते आत आले. मी त्यांना सूक्ष्मदर्शकात बघायला लावलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं, मग चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. ‘माणसांना कधीं देतील हें औषध?’ त्यांनी विचारलं.

‘देतील हो, देतील,’ मी म्हणाले. मी हवेत होते. त्या प्रश्नामागे कोण उभं आहे हे मला दिसायला हवं होतं, आणि दिसलं नाही. का, ते आजही मला नीट सांगता येत नाही. रविवारी मी ज्यांच्या हातचं जेवायचे, त्यांचा चेहराही माझ्या डोळ्यांसमोर आला नाही.

औषध नसलेल्या प्लेट मी त्या दिवशी पाहिल्याच नाहीत. पहिल्या वर्षाच्या मुलालासुद्धा शिकवतात की ज्यांना काही दिलं नाही त्यांच्याकडे आधी बघ. माझा उतावळेपणा माझ्या आईनं मी पाचवीत असतानाच ओळखला होता. त्या प्लेट मी शनिवारी सकाळी पाहिल्या. त्यांतही गाठ नव्हती.

मला क्षणभर समजेना की मी काय बघते आहे. औषधच नाही तर गाठ गेली कशी? मी प्लेटवरचं माझंच अक्षर तीनदा वाचलं. मग इन्क्युबेटरच्या दाराला दोऱ्यानं टांगलेली वही काढली. काका तिच्यात रोज दोनदा तापमान लिहीत. नवमीच्या पानावर त्यांच्या गोल अक्षरात नोंद होती: दुपारी पूजा, बंद केलें. दसऱ्याच्या पानावर: सकाळीं चालू केलें. मधली ओळ कोरी. वही शुक्रवारभर माझ्या नाकासमोर लटकत होती.

इथे पूजेनंतर यंत्रांना विश्रांती असते. एक दिवस त्यांना हात लावायचा नाही, विजयादशमीला पुन्हा सुरू करायची. हे चेन्नईत शाळेतल्या मुलालाही ठाऊक आहे. मला नव्हतं. बंद खोली, बंद पंखा, बंद पेटी. माझे वीस अंशांवर वाढणारे किडे आख्खी रात्र चेन्नईच्या उकाड्यात शिजत होते.

मी काकांवर जे ओरडले ते इथे लिहिणार नाही. कॉरिडॉरमधली माणसं बाहेर आली. काकांनी हात जोडल्यासारखे केले, मग पुन्हा खाली घेतले. ‘तूंच सांगटलीस ना बाळ, सगळं रीतीनं करा म्हणून,’ ते हळूच म्हणाले. मी आणखीच ओरडले.

आणि मग दुपारी, डबा उघडून समोर बसले असताना, माझ्या डोक्यात ते शिरलं. उष्णतेनंही प्रथिनांच्या घड्या बिघडतात! म्हणजे औषधानं द्यायचा तोच ताण उकाड्यानं दिला. दोन्ही प्लेटमध्ये गाठ गेली, कारण ताण दोन्हीकडे पोचला. माझं म्हणणं चुकलं नव्हतं, उलट दुपटीनं खरं ठरलं होतं. डबा तसाच टाकून मी काकांना शोधायला गेले. ते मागच्या खोलीत एकटेच नळाखाली बाटल्या विसळत होते. मी त्यांची माफी मागितली. ‘काका, चूक झालीच नाही. तुमच्या पूजेनंच शोध लागला. ऊब लागली आणि गाठी गेल्या!’ त्यांच्या चेहऱ्यावर जे उजाडलं ते पाहून मला हलकं वाटलं. आपण सकाळचं नुकसान भरून काढलं, असं समजून मी खुशीत घरी गेले. त्या रविवारी मी जेवायला गेले नाही. सरांना दाखवायला तक्ते करत बसले होते.

सोमवारी सकाळी निळ्या दिव्याचा नवा बल्ब बसवायला माणूस आला. तो गेल्यावर सहजच, दिवा चालतो का बघावं म्हणून मी औषधाची एक प्लेट त्याच्याखाली धरली.

हिरवा ठिपका. मी प्लेट हलवली. आणखी एक हिरवा ठिपका. काळोखात सगळ्या प्लेटभर हिरवे गळे हलत होते. एकही काळा नव्हता.

ही निरोगी भावंडं होती. दिव्याशिवाय, चालीवरून, माझ्या तोऱ्यात, मी पिल्लांची सरमिसळ केली होती. मग गाठवाले कुठे गेले? साधा दिवा लावून मी प्लेटची कड पाहिली. तिथे ते होते, वाळून काडीसारखे झालेले, काही भिंतीवर चढून चिकटलेले. आधीच आजारी, उकाड्यात पहिले तेच मेले. शुक्रवारी मला ‘थोडे कमी’ वाटले ते हे. गाठी गेल्या नव्हत्या. गाठवाले गेले होते.

मी तोंडावर हात धरून बसले होते आणि मागे पावलं वाजली. वळून पाहिलं तर काका, नव्या प्लेटचा ट्रे हातात घेऊन.

आज सोमवार होता. आज सकाळी आठला काकूंना भरती करायचं होतं.

‘काका, तुम्ही इथे?’

‘नाहीं नेलों,’ ते म्हणाले, आणि हसले. इतक्या दिवसांत मी त्यांना तसं मोकळं हसताना पाहिलं नव्हतं. ‘ती म्हणाली, आपल्या बाळच्या किड्यांची गाठ ऊब लागून गेली, मग मला कां कापायचं? शनवारपासून गरम पाण्याची पिशवी लावत्ये. दुखणं कमी झालें म्हणत्ये.’

मला आठवतं की मी आधी दिवा बंद केला. कशासाठी, ते माहीत नाही. मग मी त्यांना सांगितलं, तिथेच, उभ्या उभ्या. मराठीत सांगितलं, त्यामुळे एकही शब्द मागे लपवता आला नाही. ते ट्रे धरूनच ऐकत होते. मधेच त्यांनी तो अलगद टेबलावर ठेवला, एकही प्लेट न वाजवता.

आम्ही रिक्षानं घरी गेलो. काकू पलंगावर भिंतीला टेकून बसल्या होत्या, पोटावर लाल रबरी पिशवी, तिच्यावर घडी केलेला पंचा. मला बघून खूश झाल्या. ‘ये. बघ, मी तुझा किडा झालें.’

मला रडू फुटलं. पण सांगितलं मीच, काकांना सांगू दिलं नाही. पिल्लं मी चुकीची निवडली. जी वाचली त्यांना गाठ नव्हतीच. ज्यांना गाठ होती ती उष्णतेनं मेली, आणि मी पाहिलं नाही.

काकूंनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, ‘मेलेले तिथेंच होते? त्याच ताटलींत?’

‘हो. कडेला.’

‘आणि तुला दिसले नाहींत.’

‘मी बघितलंच नाही, काकू.’

त्यांनी पिशवी पोटावरून काढली, बूच नीट दाबून बसवलं आणि बाजूला ठेवली. ‘साडी बदलतें,’ एवढंच म्हणाल्या आणि उठल्या.

इस्पितळात त्यांची खाट दुसऱ्याला दिली गेली होती. खिडकीवरच्या बाईंनी पुढची तारीख दिली ती दीपावलीनंतरची, जवळजवळ एका महिन्यानं. मी बरीच विनवणी केली, भांडलेही, माझ्या मोडक्यातोडक्या तमिळमध्ये. उपयोग झाला नाही. त्या महिन्यात मी रोज संध्याकाळी काकूंकडे जायची. त्यांनी मला एका शब्दानं दोष दिला नाही, उलट माझ्या ताटात दोन घास जास्तच पडायचे. ते गिळणं फार कठीण होतं. सर परत आल्यावर त्यांनाही मी सगळं सांगितलं. ते माझ्यावर रागावले, आणि म्हणाले, पुन्हा कर, आधी दिवा लाव. पुढे वर्षभरानं मला त्या ताणाचा एक लहानसा, खराखुरा परिणाम सापडला. गाठ तो घालवत नव्हता, फक्त काही पेशींची वाढ मंदावत होता. तेवढ्यावर माझी पीएच.डी. झाली.

ऑपरेशनच्या दिवशी मी काकांबरोबर बाहेरच्या बाकावर होते. वेळ फार लागला. मग डॉक्टर बाहेर आले, टोपी काढत. गाठ काढली आहे, म्हणाले, पण ती आत फुटली होती. आता पुढचे उपचार लांबतील आणि सोपे नसतील. मग त्यांनी कागद पाहिले आणि आवाज चढवला. ‘महिन्यापूर्वीची तारीख दिली होती ना तुम्हाला? का आला नाहीत?’

काका उठून उभे राहिले. मी त्यांच्या शेजारीच होते, आमच्या बाह्या एकमेकांना लागत होत्या. मी तोंड उघडलं असेल किंवा नसेलही. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

‘घरांत पूजा होती, डॉक्टर,’ ते म्हणाले.

डॉक्टर भडकले. शिकल्यासवरल्या जागी नोकरी करता आणि पूजेपायी बायकोचं ऑपरेशन पुढे ढकलता? तुमच्यासारख्या माणसांना काय सांगायचं? काका मान खाली घालून ऐकत राहिले. काकू त्यानंतर दोन वर्षं होत्या. त्या दिवशी डॉक्टर काकांना जे जे बोलले ते सगळं तमिळमध्ये होतं, आणि त्यातला शब्द न् शब्द मला समजत होता. मी गप्प उभी होते.